देवाला ‘तू’, नानांना ‘तुम्ही’

मुलुंड पूर्व,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय सपना,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आधी एक कोडे घालते. आपण मराठी माणसे मुख्याध्यापकांना ‘आपण’ म्हणतो. डॉक्टरांना, जावयाला, बँकेत कालपरवा लागलेल्या मुलीलासुद्धा ‘तुम्ही’ म्हणतो. मात्र ज्याने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, त्याच्यापुढे डोळे मिटले की बेधडक ‘तू’! ‘हे प्रभो, आपण माझे ऐकावे’ असे म्हणणारा ख्रिस्ती मनुष्य मी एकसष्ट वर्षांत पाहिलेला नाही. शेजारच्या रुक्मिणीवहिनी कोकणातल्या; त्यांच्या गणपतीलाही त्या ‘तू’च म्हणतात. पायरी-पायरीने चढत गेलेला आदर सर्वांत वरच्या पायरीवर पोचताच एकदम खाली का उतरतो? तुझ्याही हे कधीतरी लक्षात आले असेल.

बत्तीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवले आणि तितकीच वर्षे चर्चच्या मंडळीत शास्त्राभ्यास घेतला, त्या बळावर मी या कोड्याचे उत्तर देते. मराठीत ‘तू’ दोन आहेत. एक जवळिकीचा, तो आईला, मैत्रिणीला, धाकट्या बहिणीला. दुसरा एकमेवपणाचा. ‘तुम्ही’ हे मुळात अनेकवचन. ते आदरासाठी एकाला लावतात. देव एकच आहे, म्हणून त्याला अनेकवचन उसने देण्याची गरज नाही. प्रार्थनेतला ‘तू’ हा असा दुसरा ‘तू’ आहे. त्यात भय आहे, अंतर आहे.

आता मुद्द्यावर येते. काल आमच्या बहिणींच्या बुधवारच्या सभेला तू पाहुणी म्हणून आलीस आणि पाळकीणबाईंनी तुला एका बहिणीच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. तू म्हणालीस, “देवा, ऐक ना. हिचा गुडघा बघ ना जरा. चार जिने चढते रे ती. तूच बोललायस ना, मागा म्हणून? मग दे ना.” आणि पुढेही असेच; एकूण आठ वाक्यांत अकरा ‘ना’. हा पहिला ‘तू’ झाला, सपना, बोरिवलीच्या भाजीबाजारातला. मी प्रार्थनेत ‘द्यावेस’, ‘करावेस’ म्हणते, म्हणजे विध्यर्थ. तू ‘दे’, ‘कर’ म्हणतेस, तो आज्ञार्थ. निर्मात्याला आज्ञा?

सभेनंतर पाळकीणबाई चहाचा कप माझ्या हातात देऊन काय म्हणाल्या ते ऐक. “शकुताई, तुमची प्रार्थना ऐकली की वही काढून लिहून घ्यावंसं वाटतं. सपनाताईंची ऐकली की रडू येतं.” आणि पुढचे चारही बुधवार तुला बोलावले. ही सभा एकोणीस वर्षे मी चालवते. मला विचारलेसुद्धा नाही.

हे फोनवर बोलता आले असते. पण वडील म्हणून नानांनी घालून दिलेला नियम तू विसरली नसशील. कांजूरमार्गच्या क्वार्टरमध्ये आपण दोघी भांडलो की ते म्हणत, “तोंडी नाही, लेखी.” तक्रारीचा कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः जाऊन डब्यातून उत्तर काढून घ्यायचे. कोणी हातात आणून देणार नाही. हे पत्र त्या नियमाला धरून आहे. लेखी उत्तराची अपेक्षा करते.

तुझी,
शकुताई


बोरिवली पश्चिम,
१६ जानेवारी

ताई,

सलाम. तुझं पत्र पोचायला सहा दिवस लागले. तेवढ्यात मी चार वेळा मुलुंडला येऊन भांडून परत गेले असते. पण नियम म्हणजे नियम. दुकानात मशीनवर कागद ठेवून लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. एक गिऱ्हाईक ब्लाउजच्या बाह्या उसवायला बसलंय समोर.

पहिलं. अकरा ‘ना’ मोजलेस? प्रार्थनेत डोळे मिटले होतेस की बोटं मोजत होतीस?

दुसरं. मला ते विध्यर्थ-बिध्यर्थ येत नाही, दहावीला मराठीत बेचाळीस होते, तुझ्याच शाळेत. पण प्रभूनं स्वतः जी प्रार्थना शिकवली, तिच्यात भाकर मागताना आपण काय म्हणतो गं? ‘दे’ म्हणतो. ‘मिळण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती’ असं नाही म्हणत. मग तो आज्ञार्थ त्यानंच शिकवला ना आपल्याला? (हा बारावा. मोज.)

तिसरं, आणि खरं. ताई, तू जळतेस. रागावू नकोस, मी बावन्न वर्षं बघतेय. माझ्या ‘तू’वरून नाही जळत, नानांच्या ‘तू’वरून जळतेस. तू त्यांना ‘नाना, तुम्ही जेवलात का’ विचारायचीस आणि मी म्हणायचे ‘नाना, जेव ना रे लवकर, मला गोष्ट सांग.’ ते हसायचे. तू दारात उभी राहून ओठ आवळायचीस, मला दिसायचं. शेवटची चार वर्षं ते माझ्याकडे राहिले, त्यावरही तू कधी धड बोलली नाहीस.

मला ना (तेरा) बुधवारची सभा नको. पाळकीणबाईंना सांगते तसं. पण एक सांगू? तुझी प्रार्थना ऐकताना असं वाटतं, की तू अर्ज लिहून खिडकीतून सरकवलास आणि मागे वळूनही न बघता निघालीस. मनाली पण परवा फोनवर हेच म्हणत होती, की आई प्रार्थना करायला लागली की

जाऊ दे. खोडायला गेले तर कागद फाटेल. मनालीचं काही मनावर घेऊ नकोस, ती ऑफिसच्या कामाने दमलेली असते.

तुझी,
सपना


मुलुंड पूर्व,
शुक्रवार, २४ जानेवारी

प्रिय सपना,

सलाम.

भाकरीच्या ‘दे’चा मुद्दा बिनतोड आहे. तो मला बत्तीस वर्षांत सुचला नाही आणि बेचाळीस गुण मिळवणाऱ्या तुला सुचला, याचे दुःख वेगळे. तो मी सध्या बाजूला ठेवते, सोडलेला नाही.

‘जळतेस’ या शब्दाविषयी. हेवा आणि मत्सर हे दोन शब्द लोक सरसकट एकाच अर्थाने वापरतात. ते चूक आहे. दुसऱ्याकडे आहे ते आपल्यालाही हवेसे वाटणे, हा हेवा. दुसऱ्याकडे आहे हेच न बघवणे, हा मत्सर. एकाच बाईला सकाळी हेवा आणि दुपारी मत्सर वाटू शकतो. पाळकीणबाईंचे वाक्य ऐकले तेव्हा मला हेवा वाटला. तुझे पत्र वाचले तेव्हा मत्सर वाटला. कारण सांगते.

मनाली तुला फोन करते?

माझी मुलगी, माझी एकुलती एक, अंधेरीत राहते. मला तिचा फोन रविवारी संध्याकाळी येतो. “आई, बरी आहेस? बीपीची गोळी घेतलीस? ठेवते.” तीन वाक्ये. आणि तुला ती ‘परवा’ फोन करते, कसल्या तरी ‘परवा’, म्हणजे त्याच्या आदल्या परवाही करत असणार! माझ्या प्रार्थनेबद्दल ती तुझ्याशी बोलते, माझ्याशी नाही. ते अर्धे राहिलेले वाक्य पूर्ण करून पाठव. फाटू दे कागद.

हे लिहीत असतानाच बेल वाजली. रुक्मिणीवहिनी, विरजण मागायला. “शकुताय, वायच इरजान दी गो.” माझे ‘हो’ ऐकण्याआधीच त्यांच्या हातातली वाटी माझ्या नाकासमोर आलेली होती. दही उरले असेल की नाही, मी देईन की नाही, काहीएक शंका नाही! मला आज त्या वाटीचासुद्धा राग आला.

राहिले नाना. तुला वाटते मी कधी विचारले नाही. विचारले होते. सत्त्याहत्तर साली मी चौदा वर्षांची होते आणि तू पाच. मी शुद्धलेखन तपासून अर्ज लिहिला: ‘सपना तुम्हांला तू म्हणते. मलाही तसे म्हणण्याची परवानगी मिळावी.’ डब्यात टाकला. उत्तर आले नाही. त्यानंतर मी कोणाकडे एकच गोष्ट दुसऱ्यांदा मागितलेली नाही. नानांकडेही नाही, आणि वरही नाही.

शकुताई


बुधवार, १२ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. उत्तर नंतर देते. दुकान बंद ठेवलंय, मी सध्या अंधेरीला आहे. कशाला ते विचारू नकोस. मी शब्द दिलाय.

फक्त प्रार्थना कर. कशासाठी ते देवाला माहीत आहे.

सपना


मुलुंड पूर्व,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

सपना,

देवाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. अंधेरीच्या उपवास-प्रार्थना सप्ताहाचे पत्रक आमच्या मंडळीच्या फलकावर पंधरा दिवसांपूर्वीच लागले. वक्त्यांत तुझे नाव छापलेले नाही. पण छापील नावे आणि प्रत्यक्ष बोलणारी माणसे यांत फरक असतो, हे मी आठ जानेवारीला शिकले. मुलुंडचे बुधवार नकोत म्हणालीस, कारण अंधेरीचा अख्खा सप्ताह मिळाला. अभिनंदन. थोरल्या बहिणीपासून लपवण्यासारखे त्यात काय होते? ‘शब्द दिलाय’ म्हणे.

अंधेरीला गेलीच आहेस, तर मनालीकडे उतरली असशील. मला या रविवारी तिचा फोन आला नाही. मी केला, तर जावई मिहिरने उचलला आणि “आई, ती झोपलीय” म्हणाला. संध्याकाळी सहा वाजता! तिथे तुमची मैफल भरली असेल आणि मी विषय असेन.

तू प्रार्थना कर म्हणालीस. केली. काय मागितले तेही प्रामाणिकपणे लिहिते, कारण नानांच्या डब्यात खोटे टाकायचे नसे. मी मागितले, की तुझा आवाज बसावा. विध्यर्थातच मागितले.

शकु


बोरिवली पश्चिम,
बुधवार, २६ फेब्रुवारी

ताई,

सलाम. मिळाली बघ तुझ्या प्रार्थनेला मंजुरी. आवाज बसला. हॉस्पिटलच्या एसीत सहा दिवस बसून घसा पार गेला. आता बोलले की बेडूक ओरडल्यासारखं वाटतं. तू मागितलेलं इतक्या लवकर मिळतं, तर चांगलं काहीतरी मागत जा गं बाई.

मनालीला विचारून लिहितेय. ती म्हणाली, “मावशी, आता सांग आईला. माझ्याच्यानं नाही होणार.”

ताई, खाली बस आणि वाच. मनालीला पाचवा महिना आहे. आठ फेब्रुवारीला तिला रक्त गेलं. मिहिरनं मला बोलावलं. डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला. बाळ आहे, ठोके नीट आहेत. तिला झोपूनच राहायला सांगितलंय, दिवस भरेपर्यंत. म्हणून मी अंधेरीला होते. कसला सप्ताह आणि कसलं काय. तुझ्या त्या पत्रकाची मला खबरच नव्हती.

तुला का नाही सांगितलं, ते विचारशील. ते अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करते. मनाली म्हणाली होती, “आई प्रार्थना करायला लागली की मला वाटतं, तिनं आधीच हार मानलीय.”

मागच्या दोन्ही वेळी, चौथ्या महिन्यात, तू फोनवर प्रार्थना केलीस. दोन्ही वेळी सुरुवात काय होती, आठवतंय? ‘हे प्रभो, तुझी इच्छा असेल तर.’ तिला त्या ‘तर’च्या पुढचं काही ऐकूच आलं नाही. ती म्हणते, “मावशी, आईनं बाळ मागायच्या आधी सोडूनच दिलं.” तिसऱ्यांदा ते वाक्य ऐकायची तिची हिंमत नव्हती. बस, एवढंच. तुझ्यावर राग नाही तिचा. भीती आहे.

मला माहीत आहे तुला आत्ता काय होतंय. माझ्या मुलीनं माझ्याआधी हिला सांगितलं, हेच ना? जळ. पण जळून झालं की पुढचं वाच.

हॉस्पिटलातून आले आणि नानांचा डबा काढला. तुझं ते ‘उत्तर आले नाही’ माझ्या डोक्यातून जात नव्हतं. नाना आणि उत्तर नाही? डाळीत मीठ जास्त पडलं या तक्रारीलासुद्धा पानभर उत्तर लिहायचा तो माणूस! डब्यात माझे कागद आहेत, तुझे आहेत, सगळे उलगडून पुन्हा ठेवलेले. एकच घडी अशी आहे की जी कोणी उघडलेलीच नाही. कडा चिकटून पिवळ्या झाल्यात. मी सुरीनं सोडवली. एका बाजूला तुझा अर्ज. मागच्या बाजूला नानांचं अक्षर.

तो कागद सोबत पाठवतेय. मी वाचलाय, माफ कर. वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रडले.

ताई, तू दुसऱ्या दिवशी डबा उघडलाच नव्हतास ना? (हा नको मोजूस.)

सपना


मुलुंड पूर्व,
शनिवार, ५ एप्रिल

प्रिय सपना,

प्रभूमध्ये मनापासून सलाम.

पाच आठवड्यांनी उत्तर देते आहे. मधल्या काळात तुला फोनही केला नाही, कारण हे भांडण लेखी सुरू झाले आणि लेखीच संपावे, असे मला वाटत होते. शिवाय कागदावर लिहिलेले मला परत वाचता येते. माझ्यासारखीला त्याची गरज असते.

तुझे निदान खरे आहे. मी डबा उघडला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डब्यापर्यंत गेले, त्याच्या झाकणावरचे फुलांचे चित्र पाहिले आणि परत फिरले. उत्तर ‘नाही’ असणार याची मला खात्री होती. पुढे अनेक वर्षे सांगता सांगता ‘मी पाहिले नाही’चे ‘आले नाही’ झाले. सत्तेचाळीस वर्षे मी त्या न वाचलेल्या ‘नाही’वर रुसून काढली आणि कागदावर लिहिले होते:

‘मंजूर. पण शकू, अर्ज कशाला केलास? नुसते म्हणायचे होतेस. — नाना.’

आता ‘तर’विषयी. हे मी तुला नीट समजावून सांगते, कारण समजावून सांगताना मलाच समजते, हा माझा स्वभाव.

‘तुझी इच्छा असेल तर’ हे शब्द खोटे नाहीत. प्रभूने क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री, बागेत, दुःखाच्या घडीला, ते स्वतः म्हटले. मी तेवढ्याच आधारावर आयुष्यभर प्रार्थना केली आणि तिला नम्रता समजत आले. या महिन्यात मी तो प्रसंग पुन्हा उघडला आणि शब्दांचा क्रम तपासला. चार शुभवर्तमानांपैकी ज्या वृत्तांतात ‘अब्बा’, म्हणजे ‘बाबा’, ही घरातली हाक जपलेली आहे, तिथे क्रम असा: आधी हाक, मग ‘तुला सर्व शक्य आहे’ हा विश्वास, मग ‘हा प्याला दूर कर’ हे उघडे, स्पष्ट मागणे. आणि सर्वांत शेवटी, ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको’. दुसऱ्या वृत्तांतांत क्रम थोडा निराळा आहे, हे मला ठाऊक आहे. तुला कोणी अडवले तर सांगता यावे म्हणून लिहिते. पण मागणे कुठेही गाळलेले नाही. आधी मूठ उघडून मागितले, मग तीच मूठ त्याच्या स्वाधीन केली. आणि मी? मी ‘तर’ पुढे धरून त्याच्या आड उभी राहिले. नकार आला, तर मी मागितलेच नव्हते, असे म्हणता यावे म्हणून. ती नम्रता नव्हती, सपना. तो डबा न उघडण्याचाच प्रकार होता.

आणि तुझ्या आज्ञार्थाचा मुद्दा आता अधिकृतपणे मान्य करते. व्याकरणाच्या पुस्तकात शिकवतोच आपण, की ‘दे’, ‘कर’ ही रूपे आज्ञेइतकीच विनवणीलाही चालतात. वर्गात हे वाक्य मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिले असेल. गुडघे टेकताना ते आठवले नाही.

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी अंधेरीला गेले. मिहिरने दार उघडले आणि मला पाहून स्वयंपाकघरात चहा करायला पळाला. मनाली पायाखाली दोन उशा घेऊन पडली होती. मला पाहताच म्हणाली, “आई, आधीच सांगते, काही समजावून सांगू नकोस.”

“बरे.”

“खरंच?”

“खरेच. बसू का?”

“बस ना. तिथे नको, इथे पायाशी बस.” मी बसल्यावर म्हणाली, “मावशीनं सगळं लिहिलं?”

“सगळे. तुझे ते वाक्यसुद्धा.”

ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिच्या पावलांवर हात ठेवून बसून राहिले. पावले थंड होती. मग विचारले, “प्रार्थना करू? नको म्हणालीस तर नाही करणार.”

“त्या ‘तर’नं सुरुवात नको करूस.”

“नाही करणार.”

मी डोळे मिटले. बत्तीस वर्षांची वाक्ये ओळीने उभी होती, एकही पुढे येईना. शेवटी म्हणाले, “देवा, हे बाळ जिवंत, पुऱ्या दिवसांचं, आमच्या हातात दे ना.”

‘ना’ निघाला. मोजलास तर मोज.

मनाली म्हणाली, “झालं? आमेन म्हण की.”

“थांब. अर्धे वाक्य राहिले आहे.” आणि मी म्हटले, “आणि तू काहीही केलंस तरी मी तुझ्याच दारात येणार. पण आत्ता मागतेय. दे.”

“आमेन,” मनाली म्हणाली. आणि लगेच, “आई, तू देवाला ओरडलीस!”

स्वयंपाकघरातून मिहिर म्हणाला, “बाहेर ऐकू आलं.”

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाते. सातवा महिना लागला आहे. टाका धरून आहे. डॉक्टर ‘बघू’ म्हणतात. मीही त्यांना ‘बघू’ म्हणते, फक्त त्यांचे आणि माझे बघणे वेगवेगळ्या दिशेला आहे, एवढेच.

तुला ठाऊक आहे, बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही शिवू नये, असे मी नेहमी म्हणत आले. मागच्या दोन्ही वेळी एक टाकासुद्धा घातला नाही. यावेळी आईची जुनी निळी सुती साडी काढली आणि दुपटे शिवायला घेतले. हाताने. तुझ्या मशीनवर ते अर्ध्या तासात झाले असते आणि कडा सरळ आल्या असत्या. म्हणूनच तुला सांगितले नाही. मला अठरा दिवस लागले, एक कड वाकडी आहे आणि ते पूर्णपणे माझे आहे. मनालीने त्याचा फोटो काढला तेव्हा मला बरे वाटले. तो फोटो तिने सर्वांत आधी तुला पाठवला, हे मिहिरकडून कळले तेव्हा पुन्हा तेच झाले. मत्सर असा एकदम बरा होतो असे समजू नकोस. मीही बरी झालेली नाही. पण आता मत्सर आला की मी तोही त्याला सांगते, नावासकट. “देवा, सपनाचा राग येतोय.” तो ऐकतो. नानाही ऐकत.

नानांच्या त्या कागदावर खाली थोडी जागा होती. तिथे मी लिहिले, ‘नाना, तुझे उत्तर मिळाले. — शकू.’ ‘तुझे’ लिहिताना पेन दोनदा अडले. कागद सोबत परत पाठवते, डब्यात ठेव. घडी उलगडलेली ठेव.

आणि बुधवारची सभा. पाळकीणबाईंना मी सांगितले, की महिन्यातले दोन बुधवार सपनाचे. त्या म्हणाल्या, “शकुताई, तुम्हाला चालेल?” मी म्हटले, “चालणार नाही. तरी बोलवा.”

रुक्मिणीवहिनी काल पुन्हा विरजण न्यायला आल्या. यावेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता हाताकडे पाहिले, आणि माझ्या जानेवारीतल्या कोड्याचे खरे उत्तर मला दारात उभे राहून मिळाले. ‘तू’ कोणता, दुसरा की पहिला, हा प्रश्नच नव्हता. त्या बाई घरून निघतानाच वाटी घेऊन निघाल्या होत्या.

तेव्हा येत्या बुधवारी बहिणींची एक सोपी परीक्षा घे. तूही दे. प्रत्येकीने घरी जाऊन एकच गोष्ट मागायची, शेजारणीकडे विरजण मागताना लागतील तेवढ्याच शब्दांत. मग ‘आमेन’ म्हणायचे, डोळे उघडायचे आणि स्वतःच्या हाताकडे पाहायचे. मागितलेले खरोखर मिळाले, तर ते ठेवायला आपण काही आणले आहे का?

तुझी,
शकू